पाठीशी गॅसचा बाटला, पुढे सिन्नर

आमच्या आळीतली माणसं नाशिकला जातात ती त्र्यंबकला पूजा घालायला. मी गेलो बायकोला आणायला, आणि तेही नाशिकच्या पुढे, सिन्नरपर्यंत. परत आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलं. दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. अक्षर बरं आहे, बाकीचं सांभाळून घ्या. नसेल घ्यायचं तर नका घेऊ.

आधी घरातलं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं घर समुद्राकडे, नंदाखाल गावाच्या बाजूला, वाडीत. माड, केळी, थोडी पानवेल. घरात चूल. माझी बायको हिरा, तिला चार-पाच वर्षं दम लागतो. डॉक्टर म्हणाला धूर बंद करा. मी म्हटलं बघू. दसऱ्यानंतर आमची मुलगी लता येऊन तिला सिन्नरला सासरी घेऊन गेली, पंधरा दिवसांसाठी म्हणून. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. मग लताचं पत्र आलं. आईचा खोकला थांबलाय, आई म्हणते घरी गॅस आणा, मग येते.

यातली एक गोष्ट हिराला ठाऊक नव्हती. लताने लग्नाआधी माझ्या नावाने गॅसचा अर्ज टाकला होता. त्या काळात नंबर लागायला वर्षं जायची. वर्षं गेली, लताचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, आणि गेल्या साली नंबर लागल्याचं कार्ड आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. मी ते घरात नेलंच नाही, लतालाही कळवलं नाही. ज्याच्या वाडीत झावळ्या, सोडणं, करवंट्या पडून कुजतात त्याने जाळ विकत आणायचा? आळीतून बाटला खांद्यावर घेऊन माणूस येणार, सगळे बघणार, म्हणणार, ह्याच्याकडे सरपण संपलं वाटतं. माझा भाचा दिनेश शाळेची मुलं व्हॅनमधून नेतो. तो म्हणाला, मामा, तुम्हाला नको तर मला द्या. दिलं. त्याने शेगडी घेतली ती माळ्यावर टाकली आणि बाटला व्हॅनला लावला. पुस्तकावर नाव माझं, बाटला फिरतो त्याच्या गाडीत. घरचा बाटला गाडीला लावायला बंदी आहे हे मला नंतर कळलं.

आता सिन्नरला जायचं तर गाडी दिनेशचीच. आणि दिनेशच्या तोंडाला कडी नाही. म्हणजे जाताना बाटल्याची भीती, आणि पोचल्यावर दिनेशची. हिरा आली नाही तर काय, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं होतं. तोच सारखा येत होता.

शिरसाड ते मोखाडा

पौषातली थंडी होती. मी सामान काढलं. दोन डझन नारळ, केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि एक पोतं सोडणं. सोडणं म्हणजे नारळावरची काथ्याची सालं, सुकी, चांगली कडकडीत.

"मामा, हे काय?"

"सोडनं."

"सिन्नरला?"

"तिकडे माड नाहीत."

"म्हणून काय तिकडे लोक उपाशी आहेत?"

मला वाटत होतं, आपल्या जाळाचा वास आला की हिराला घर आठवेल. गोडसर वास असतो सोडणाचा, लाकडाचा तसा नसतो. दिनेशने पोतं मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवलं. सीटमागे बाटला दोरीने आडवा बांधलेला. डावीकडे सुकी सोडणं, पाठीला गॅस. मी नारळ मांडीवर घेऊन मधोमध बसलो.

शिरसाडला हायवे लागला. दिनेश म्हणाला, "कसाऱ्याच्या रस्त्याला पोलीस मागचं दार उघडून बघतात. आपण मनोरवरून जव्हार, मोखाडा असं जाऊ. घाट आहे, पण शांत."

"घाटात हा मागे गडगडला तर?"

"बांधलाय ना मामा. रोज सोळा पोरं नेतो मी, काय झालं का?"

सोळा पोरं म्हटल्यावर मी मागे वळून बाटल्याची दोरी ओढून बघितली. तोवर मी फक्त माझ्या पाठीचा विचार करत होतो.

त्याला विचारलं, पेट्रोल का सोडलंस. तो म्हणाला, "पेट्रोल वाढलं की पोरांच्या बापांकडे भाडं वाढवून मागायला जायचं. ते भांडतात. शेजारचा कमी घेतो म्हणतात. बाटला भांडत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि सगळ्यांनी लावलाय. मी एकटा पेट्रोलवर राहिलो तर मी येडा."

हे मला पटलं आणि पटलंही नाही.

विक्रमगडच्या पुढे एका नाक्यावर चहाला थांबलो. डोंगराकडे जाणाऱ्या जीपा उभ्या होत्या, आत माणसं दाटून, मागे दोघं-तिघं लोंबकळत. एक जीप सुरू झाली आणि डोळे चुरचुरले. वास ओळखीचा, पण गाडीचा नव्हे. आमच्याकडे वीज जाते तेव्हा चिमणी पेटवतो, तिचा.

"गाडीला दिव्याचा वास कसा रे?" मी त्या ड्रायव्हरला विचारलं.

तो हसला. "बाबा, तिला डिझेल एकटं पचत नाही. थोडं राकेल लागतं."

चहावाली बाई चूल फुंकत होती. ओली फाटी, नुसता धूर. तिने मान न वळवता म्हटलं, "ह्यांच्या गाडीला पचतंय ते आमचंच. दुकानात गेलं का म्हनतात संपलं. माझा ष्टो दोन सालापासून फळीवर बसलाय."

"मावशी, माझ्याकडं कशाला बघता," ड्रायव्हर म्हणाला.

"तुझ्याकडं नाय बघत. तुझ्या टाकीकडं बघते."

सगळे हसले. मीही हसलो आणि मग माझं लक्ष आमच्या व्हॅनकडे गेलं. दिनेश माझ्याकडे बघत होता. आम्ही दोघांनी चहा लवकर संपवला.

मुलूख सुंदर आहे, हे लिहायला हवं. उंच-सखल माळ, वाळलेलं पिवळं गवत, मधे मधे मोहाची झाडं. आमच्याकडे नजर वाडीच्या वईपलीकडे, कुंपणापलीकडे जात नाही, सगळी हिरवी भिंत. इथे एक माणूस डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसला तो कितीतरी वेळ येतच होता. बायकाच जास्त, मोळ्या घेऊन. एवढी फाटी गोळा करायला किती चालावं लागत असेल. माझ्या वाडीत झावळी दाराशी पडते. पण तीसुद्धा आपली आपण चुलीपर्यंत जात नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मोखाड्याच्या पुढच्या घाटात वास आला. कुजक्या लसणीसारखा. दिनेशने गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली आणि म्हणाला, "मामा, उतरा. दार आपटू नका."

मी नारळांसकट उतरलो. मग आठवलं, सोडणं आतच राहिली. माघारी जाऊन पोतं ओढलं.

"मामा, सोडा ते."

"का सोडू? पेटलं तर आधी हेच पेटेल."

पोतं घेऊन मी शंभर पावलं लांब दगडावर जाऊन बसलो. दिनेशने साबण काढला, बाटलीतल्या पाण्यात फेस केला आणि नळीच्या सांध्यांना बोटाने लावत गेला. एके ठिकाणी फेसाला फुगा आला. त्याने पक्कड लावून आवळलं, पुन्हा फेस लावला. फुगा नाही. सराईतपणे केलं त्याने सगळं. म्हणजे हे त्याला नवीन नव्हतं.

"असं पोरं असताना कधी झालंय?"

"एकदाच," तो म्हणाला. "तेव्हा म्हटलं टायर पंक्चर आहे, खाली उतरा."

अर्धा तास सगळी दारं उघडी ठेवून वाऱ्यावर उभे राहिलो. समोर दरी, खाली बारीक नदी. पाहायला तिथे माणसं मुद्दाम येत असतील. मी सगळा वेळ गाडीच्या मागच्या दाराकडे बघत होतो. पुस्तकावर माझं नाव आहे. काही झालं असतं तर कुणाचा बाटला म्हणून कागद काढले असते आणि त्यावर चौथी शिकलेल्या माणसाची सही निघाली असती.

सिन्नर

लताचं सासर सिन्नरच्या बाहेर, मळ्यात. जावई कारखान्यात जातात, ते पाळीवर होते. घरी लता, तिचा मुलगा आणि विहीणबाई. दिवस मावळायला टेकला होता.

हिरा दारात उभी होती. अंग भरलेलं, चेहरा उजळलेला. माझ्या घरी ती अशी दिसत नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आधी राग आला.

"गॅस आला?" तिने पहिलं हेच विचारलं.

"आत तर येऊ दे."

"या की. मी कुठं अडवलंय."

"मामी, गॅस तर..." दिनेश मागून म्हणाला.

"लता, ह्याला आधी पानी दे," मी म्हटलं. "सकाळपासून उपाशी आहे."

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगोळ्या आणि ठेचा. शेंगोळ्या म्हणजे कुळथाच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणीच्या रश्श्यात शिजवलेल्या. आमच्याकडे जेवणात ओलं खोबरं नसलं तर जेवल्यासारखं वाटत नाही. इथे खोबऱ्याचा पत्ता नाही आणि तरी दोन वेळा मागून खाल्लं. मग लताने सांगितलं, हे शेणाच्या गॅसवर शिजलंय. गोठ्यामागे खड्डा, त्यावर लोखंडी टोप, शेणकाला ढवळून आत सोडायचा, आणि नळी थेट स्वयंपाकघरात. माझा घास हातात राहिला.

विहीणबाई हसल्या. "व्याही, भाकरीला वास येतोय का?"

"नाही."

"मंग खावा की. पहिल्या दिवशी मी बी जेवले नव्हते. तुमची लेक आली आणि म्हनली, गवऱ्या मी थापायची नाही. मी म्हनलं, मंग सैपाक कशावर? ती म्हनली, ते तुमच्या लेकाला विचारा. लेकानं गपगुमान खड्डा खांदला. हट्टी हाय पोरगी. कुनावर गेली काय म्हाईत."

हिरा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "म्हाईत नाय कसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मीही सांगितलं. म्हटलं, मला जुनाट समजू नका. आमच्या आळीत रहाट होते, बैल गोल फिरायचा तेव्हा केळीला पाणी जायचं. आळीत पहिलं तेलाचं इंजिन मी आणलं. बाप म्हणाला, तेलाचं पाणी पाजलंस तर केळी मरतील. बापाशी बोलणं सोडलं, पण इंजिन आणलं. का आणलं? आमचा बैल एक दिवस रहाटाला बसला. तोंडाला फेस. उठेना. मला ते बघवेना. पुढच्या महिन्यात इंजिन. नंतर विजेची मोटर आली, तीही पहिल्यांदा माझ्याकडे.

विहीणबाई म्हणाल्या, "शाबास." हिराने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

तिकडची थंडी वेगळी. आमच्याकडे समुद्र आहे, तो थंडीला फार वाढू देत नाही. इथे सकाळी पाण्याला हात लावला तर बोटं गारठत होती. आणि त्या थंडीत शेणाचा गॅस दमला. लताने शेगडी पेटवली तर निळी ज्योत नुसती थरथरत होती. विहीणबाई म्हणाल्या, पौषात असंच होतं, ऊन वर आलं की चालेल.

माझ्या मनात आलं, आता बघा. ओसरीत अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. त्यात ते तुरीच्या काड्या घालतात. मी म्हटलं, आज बंब मी पेटवतो, वाडीतल्या जाळाने. पोतं सोडलं. लताचा मुलगा सोडणं बघायला जवळ आला. ह्याला केस कसे म्हणाला.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात बंब पेटवला नव्हता. चूलही नाही. सोडण चांगलं जळतं एवढं ठाऊक. ते कसं रचायचं, किती घालायचं, फुंकर कुठून मारायची, हे हिरा करायची. मी बंबाचं पोट ठासून भरलं. आणि सोडणांना वाटेत दव लागलं होतं, की घाटात दगडाखालची ओल, कोण जाणे. जाळ धरेना. पिवळा जाड धूर निघायला लागला. मी आणखी दोन घातली. वाऱ्याने तोंड फिरवलं आणि सगळा धूर स्वयंपाकघरात शिरला.

आधी ऐकू आला तो खोकला. मग लताची हाक. मी दारात गेलो. हिरा ओट्याला धरून वाकली होती. खोकला थांबत नव्हता, आत घ्यायला श्वासच मिळत नव्हता, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या, ओठ काळपट. विहीणबाईंनी तिला कमरेला धरून मागच्या दाराने अंगणात नेलं. लताने फवाऱ्याची बाटली आणली, तिच्या तोंडात धरली, आई ओढ, आई ओढ. दिनेशने बंबावर बादली ओतली. सगळ्यांना काय करायचं ते माहीत होतं. मी हातात सोडण घेऊन उभा होतो.

घरी ती खोकायची, मला ठाऊक होतं. पण ती खोकायची मागल्या दारी, सकाळी, आणि सकाळी मी वाडीत मोटर चालू करून असायचो. मोटरच्या आवाजात घरातलं काही ऐकू येत नाही. जेवायला घरी यायचो तोवर जेवण झालेलं असायचं आणि खोकला होऊन गेलेला. इतकी वर्षं मी तो पुरता पाहिलाच नव्हता.

ऊन वर येईपर्यंत ती अंगणात खाटेवर बसून राहिली. मी जवळ जमिनीवर बसलो. मग तिनेच तोंड उघडलं.

"बैल बसला, त्याच्या फुडल्या महिन्यात इंजिन आनलंत. काल सांगितलंत ना."

"हां."

"मी काय बैलाची बरोबरी करत नाय. तो मुका व्हता. मी बोलून सांगत व्हते."

मी मान खाली घालून म्हटलं, "नंबर लागलेला."

"कसला?"

"गॅसचा. गेल्या साली कार्ड आलेलं."

"मग?"

"दिनेशच्या गाडीत आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खाटेला धरून थोडी थांबली आणि व्हॅनकडे गेली. मागचं दार उघडलं. भांडं तापलंय का बघतात तसा बाटल्यावर हात ठेवला. दिनेश नळावर तोंड धूत होता, तो तसाच ओल्या तोंडाने आला. त्याला वाटलं होतं, मामीला हे आधीच ठाऊक असणार.

"पोरं कुठं बसतात?" तिने विचारलं.

"हितंच. ह्याच्या पुढं."

"वास येतो?"

"कधी कधी. मामी, तुम्ही घेऊन जा. मी चालवीन पेट्रोलवर."

"मला नको तो परत. तुला दिला तो तुझा. पन पोरांच्या पाठीशी ठेवू नको. तुझी सोताची पोरगीबी त्यातच असते."

मग ती घरात गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. विहीणबाईंनी मला मळा दाखवला, कांद्याची रोपं, विहीर, शेणाचा खड्डा. मी हो हो करत राहिलो. काय पाहिलं त्यातलं अर्धं आठवत नाही.

निघताना

तिसऱ्या दिवशी दिनेशने गाडी पुसली. मी एकट्याची पिशवी भरली. लता रडत नव्हती, पण डोळे चोरत होती. तेवढ्यात हिरा आपली ट्रंक घेऊन ओसरीवर आली.

"येते मी," ती म्हणाली. "घर माझंबी आहे. पन चुलीफुडं बसनार नाय. एक दिवससुद्धा नाय."

"मग करणार कोण?" लताने विचारलं.

विहीणबाई, लता, दिनेश, तिघंही माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. पुरुष माणसाने व्याह्यांच्या अंगणात असं बोलावं का, याचा विचार करायला वेळ नव्हता. दिनेशने ट्रंक उचललेली नव्हती.

"मी," मी म्हटलं.

"पंधरा दिवस?" हिराने विचारलं.

"नंबर लागेपर्यंत."

तिने ट्रंक दिनेशच्या हातात दिली. येताना बाटल्याची चावी घट्ट बंद करून आम्ही पेट्रोलवर आलो. हिरा पुढे बसली, खिडकी उघडी टाकून. घाटात मी तिच्या पाठीकडे बघत तिचे श्वास मोजत होतो.

आल्यानंतर

दिनेशने बाटला गाडीतून काढला. त्याच्या बायकोने दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची शेगडी खाली घेतली, आता ती त्यावर स्वयंपाक करते. तिच्या ओट्यावरून तो परत मागायला माझी जीभ उचलत नाही. मुलांच्या बापांशी दिनेशचं भांडण सुरू आहे. तो माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. गाडीला नीट टाकी बसवून घेईन म्हणतो. कधी, ते सांगत नाही.

मी गॅसच्या ऑफिसात जाऊन नवा अर्ज टाकला, हिराच्या नावाने. तिथला माणूस म्हणाला, घरातल्या कर्त्या माणसाच्या नावाने का नाही टाकत? मी म्हटलं, ते नाव वापरून झालं. किती दिवस लागतील विचारलं तर तो म्हणाला, पत्र येईल. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, कार्ड आलं तर माझ्या हातात देऊ नको, तिच्या हातात दे.

तोवर चूल मागल्या अंगणात हलवली आहे, विहिरीपलीकडे, वारा घराकडून वाहतो त्या बाजूला. आळीतली माणसं वईवरून बघतात. दोघा-तिघांनी थट्टा केली. एकाची बायको मात्र थट्टा न करता बराच वेळ उभी राहिली आणि मग गेली. सोडण कसं रचायचं ते मला आता येतं. आधी करवंटी, मधे पोकळी, वर सोडण उलटं. भाकरीचं अजून जमत नाही. हिरा पुढच्या ओटीवर बसून सांगते आणि मी मागून ओरडून विचारतो.

काल भात शिजत होता तेव्हा ती खोकली. मी हातातलं सगळं टाकून धावलो. घरातून पुढे येईपर्यंत माझाच श्वास राहिला नव्हता. ती तांब्या हातात घेऊन बसली होती, पाण्याचा ठसका लागला होता.

"भात बघा," ती म्हणाली. "खाली लागतोय."